हातानं बनवलेल्या लाकडी मिरे-दळणीत किट बसवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोळ्याचे लाकडी नंदी, बेलणं, पाळण्याचे खूर असं काम लेथवर (लाकूड फिरवत ठेवून कातायच्या यंत्रावर) करणाऱ्या आपल्या विदर्भातल्या सुतार भावांसाठी आणि हौशी मंडळींसाठी हे लिहिलं आहे. लाकूड कातता येतं हे धरून चाललो आहे. अडचण पुढं येते: विकतचं दळायचं किट त्या लाकडात बसवताना. त्यातही किटसोबतच्या कागदावर आपल्या हवेबद्दल एक अक्षर नसतं, म्हणून त्याबद्दल इथं जरा जास्त बोललो आहे.

किट म्हणजे नेमकं काय काय येतं?

शाफ्टवाल्या साध्या किटमध्ये: एक लांब चौकोनी शाफ्ट (सळई), त्याच्या वरच्या टोकाला आटे, त्यावर बसणारा गोल नट, डोक्याच्या (दळणीच्या वरच्या, हातानं फिरवायच्या लाकडी भागाच्या) खाली बसवायची चौकोनी भोकाची पत्री, एक फिरता दाता, एक बसका (जागेवर स्थिर राहणारा) दाता, मधली स्प्रिंग, तळाची आडवी पट्टी आणि बारके स्क्रू. डोकं फिरवलं की पत्री शाफ्टला फिरवते, शाफ्ट खालच्या दात्याला. जात्याचंच तत्त्व, फक्त इथं फिरणारी तळी आत आणि स्थिर तळी बाहेरून.

फ्रान्सच्या प्यूजोनं १८४० मध्ये कॉफीची दळणी काढली आणि १८७४ मध्ये मिऱ्यांची. मोटारी नंतर आल्या. आज बाजारात मिळणाऱ्या शाफ्टवाल्या किटची मांडणी त्या जुन्या दळणीपेक्षा फार वेगळी नाही.

दोन प्रकारची किटं दिसतात. कोणतं घेऊ?

पहिल्यांदा करत असाल तर वर नट असलेलं शाफ्टवालं घ्या. भोकं कमी, हत्यारं कमी, आणि काही चुकलं तर स्क्रू काढून पुन्हा बसवता येतं.

दुसरा प्रकार सिरॅमिक दात्यांचा, ज्याची जाड-बारीकची चकती तळाला असते. डेन्मार्कचं क्रशग्राइंड हे त्यातलं सगळ्यांत परिचित नाव. वर नट नसल्यानं डोक्याचा आकार मनासारखा ठेवता येतो आणि शाफ्ट अॅल्युमिनियमचा असल्यानं हॅक्सॉनं हव्या त्या लांबीला कापता येतो. पण त्यात पायरीपायरीची तीन-चार मापांची भोकं लागतात, आणि मेकॅनिझमच्या बाजूचे प्लॅस्टिकचे पंख अडकायला आतल्या भिंतीत खाच पाडावी लागते. खाच पाडायचं हत्यार नसेल तर पंख छाटून इपॉक्सी गोंदानं चिकटवणारेही आहेत. चालतं, पण मग दुरुस्तीला काढायचं म्हटलं की रडकुंडीला येतो माणूस.

कोणतं लाकूड घ्यावं? सागवानच पाहिजे का?

सागवान पाहिजेच असं नाही, पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात राहून दुसरं शोधत बसण्यात अर्थ नाही, असं माझं मत. सागवान हवेनं कमी हलतं, आणि या कामात तेवढंच बघायचं असतं. त्यातल्या सिलिकामुळे पटाशीची धार मात्र लवकर जाते.

संत्र्याचं लाकूड मला स्वतःला फार आवडतं. वरूड, मोर्शी, काटोलकडे जुन्या बागा काढल्या जातात तेव्हा ती खोडं सरळ चुलीत जातात. पिवळसर, बारीक पोताचं, कातताना लोण्यासारखी साल निघते. पण वाळताना जबरदस्त तडकतं. तोडल्या दिवशीच दोन्ही टोकांना मेण किंवा जाडसर फेविकॉल लावायचं आणि खोड उभं चिरून ठेवायचं. गाभा मध्ये ठेवून अख्खं गोल वाळवलं तर तडा जाणारच.

हळदू कातायला उत्तम. बीजा दिसायला देखणा, पण ओल्या हाताला रंग सोडतो, त्यामुळे स्वयंपाकघरात मी टाळतो. बाभूळ मजबूत आणि जड, ज्याला वजनदार दळणी आवडते त्याच्यासाठी. चिंचेचा काळा गाभा मिळाला तर सोडू नका, मात्र बाहेरचं पांढरं लाकूड घेऊ नका, त्याला भुंगा लागतो.

दोन झाडं वर्ज्य. बिब्बा, कारण त्याचा चीक अंगावर उततो. आणि कुचला, कारण त्या झाडात विष आहे. खाण्याच्या वस्तूला हात लावायला नको.

जुन्या घराची मयाल (तुळई) निघाली आहे. ती वापरू का?

पन्नास-साठ वर्षं छपराखाली वाळलेलं सागवान सहजी मिळत नाही, जरूर वापरा. आधी खिळे शोधा, नाहीतर बिटाचं वाटोळं होईल. डांबर, तेलरंग किंवा वाळवीचं औषध लागलेली मयाल असेल तर तिचं स्टूल करा, दळणी नको. रंग रंध्यानं काढता येतो, पण औषध किती खोल मुरलं ते डोळ्यांना दिसत नाही.

शेतातलं झाड तोडून करता येईल का?

साग, बीजा, हळदू, आंबा, चिंच यांसारखी झाडं स्वतःच्या धुऱ्यावरची असली तरी तोडायला परवानगी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी १९६४ चा कायदा आहे. एका दळणीला हातभर तुकडा लागतो, त्यासाठी कशाला हा व्याप? आरा मशीनवरून किंवा डेपोतून तुकडा घ्या, बिल ठेवा. माल गाडीनं न्यायचा असेल तर टीपीची (वाहतूक परवान्याची) चौकशी आधी वनविभागात करा.

भोकं कोणत्या क्रमानं पाडायची?

आधी भोकं, मग आकार. आणि भोकांमध्ये आधी मोठं, मग लहान.

दुसरी गोष्ट आधी सांगतो. फोर्स्टनर बिटाच्या (रुंद, सपाट तळाचं भोक पाडणाऱ्या बिटाच्या) मध्यावर एक टोक असतं, ते लाकडात रुतून बिटाला जागेवर ठेवतं. लहान भोक आधी पाडलं तर मोठ्या बिटाचं टोक हवेत लटकतं आणि बिट कडेला पळतं. म्हणून तळाचा रुंद, उथळ खड्डा पहिला. त्याच्या मध्यातून मग आरपार भोक.

बहुतेक शाफ्टवाल्या किटना तळाचा खड्डा दीड इंच ते दीड इंच एक सूत, म्हणजे ३८ ते ४१ मिमी, खोली सुमारे १४ मिमी. आरपार भोक एक इंच अर्धा सूत, म्हणजे २७ मिमी. डोक्यातून शाफ्ट जायला साडेसहा-सात मिमी. हे आकडे लिहून घ्या, पण ड्रिल लावायच्या आधी हातातलं किट व्हर्नियरनं मोजा. एकाच दुकानातून आणलेल्या दोन किटांत अर्ध्या सुताचा फरक मिळतो. नवीन बिट आधी टाकाऊ तुकड्यावर चालवा आणि बसका दाता त्या भोकात घालून बघा. अंगठ्यानं दाबून बसला पाहिजे. हातोडी लागली तर भोक लहान आहे, आपोआप खाली पडला तर मोठं.

लांब भोक दोन्ही बाजूंनी पाडा, मध्ये गाठ पडू द्या. मध्ये केसभर पायरी राहिली तरी चालते, मिरे तिथं अडत नाहीत. वेग कमी ठेवा: ४० मिमीच्या बिटाला मिनिटाला ३००-४०० फेरे, २७ ला ५०० पर्यंत. बोटभर आत गेलं की बिट बाहेर काढून भुसा झटका. धूर निघाला म्हणजे तुम्ही घाई केली.

आता पहिली गोष्ट. आकार आधी कातला आणि भोक नंतर पाडलं तर भोक थोडं जरी तिरकं गेलं तरी एका बाजूची भिंत पातळ होते आणि ते कायमचं दिसतं. भोक आधी पाडलं तर त्या भोकाच्याच आधारानं बाहेरचं कातता येतं. त्यासाठी दोन निमुळत्या लाकडी गुल्ल्या कातून ठेवा, एक २७ मिमीच्या तोंडाला, दुसरी तळाच्या खड्ड्याला. त्या दोन्ही टोकांत घालून दळणीचं धड (डोक्याखालचा लांब भाग) लेथच्या दोन सेंटरांमध्ये धरायचं. गावातल्या बऱ्याच लेथचा टेलस्टॉक (सरकतं टोक) घरगुती असतो, त्यावर ड्रिल चक सरळ चालत नाही. अशा वेळी ड्रिल स्टँडवर चौकोनी तुकड्यातच भोकं पाडून घ्या आणि मग गुल्ल्यांवर काता.

भिंतीचा हिशेब: तळाला ४१ चा खड्डा असेल तर तळाचा व्यास ५८-६० च्या खाली नेऊ नका. कमरेला ४० पर्यंत उतरलात तरी चालतं. संत्र्याला दोन्हीकडे थोडं जास्त ठेवा.

शाफ्टपेक्षा दळणी उंच झाली, आटे वर येत नाहीत. काय करू?

डोक्याचा माथा कापा. दुसरा मार्ग नाही, म्हणून हे मोजमाप कातायच्या आधी करायचं असतं. किटवर लिहिलेली उंची अंदाजाची समजा. दाते, स्प्रिंग आणि पट्टी शाफ्टवर ओवून टेबलावर आडवं ठेवा, पट्टी जिथं लाकडाला टेकणार तिथपासून आट्यांच्या टोकापर्यंत माप घ्या. नट धरायला डोक्यावर ८-१० मिमी आटे पाहिजेत. उरलेली उंची तुमची.

उलट झालं, म्हणजे शाफ्ट फार वर आला, तर डोकं नवं कातून उंच करा. आट्यांचं टोक कापून वेळ मारून नेता येते, पण नंतर नट धड लागत नाही.

उन्हाळ्यात छान फिरायची, पावसाळ्यात डोकं काहून अडकते?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि दोष किटचा नसतो.

आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि हवा इतकी कोरडी होते की लाकडातला ओलावा ५-६ टक्क्यांपर्यंत उतरतो. भर पावसात तोच १५-१६ च्या वर चढतो. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. आणि रुंदीतही सारखं नाही: खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनं जास्त, गाभ्यापासून सालीच्या दिशेनं साधारण निम्मं. म्हणजे मे महिन्यात गोल कातलेली वस्तू ऑगस्टमध्ये गोल राहत नाही, अंडाकृती होते.

डोक्याच्या खालचा गळा (धडाच्या भोकात शिरणारा भाग) २५ मिमीचा असेल तर सागवानातसुद्धा एवढ्या फरकानं तो एका दिशेला सुमारे अर्धा मिमी फुगतो, दुसऱ्या दिशेला पाव. धडाचं भोकही तसंच अंडाकृती होतं. दोघांच्या रेषा जुळलेल्या असताना डोकं मोकळं असतं, पाव फेरा फिरवला की लांब बाजू अरुंद बाजूत शिरते. म्हणून तक्रार अशी येते की "एका फेऱ्यात दोनदा अडते". हे वाक्य ऐकलं की किट उघडू नका, गळा बघा.

उपाय: गळा आणि भोक यांच्यात व्यासात किमान ०.८ मिमी फट. किटच्या कागदावरच्या मापानं, म्हणजे भोक २७ आणि गळा २५.४ ठेवला तर दीड मिमी मिळते आणि कधीच त्रास होत नाही. पण तेवढी फट असली की डोकं हाताला जरासं डुलतं, कारागिराला ते खटकतं आणि तो गळा जाड ठेवतो. दुकानात तशी दळणी फार सुबक वाटते. पहिल्या झडीत ती अडकते. डुलणं सहन होत नसेल तर गळ्याला किंचित निमुळता उतार द्या, खांद्याजवळ ०.८ आणि टोकाला दीड.

आणखी एक युक्ती: डोकं आणि धड एकाच तुकड्यातून, एकाखाली एक कापून घ्या. दोन्ही सारखेच हलतात, आणि नक्षीही वरून खाली सलग दिसते.

पोळ्याआधी नंदींच्या कामातून डोकं वर काढता येत नाही, म्हणून आपल्यातले बरेच जण दळण्यांना हात लावतात ते पोळ्यानंतर. तेव्हा लाकूड वर्षातलं सर्वांत ओलं असतं. त्या दिवसांत कातलेली दळणी उन्हाळ्यात आकसते, मग बसका दाता आवळला जाऊन त्याच्याभोवतीचं लाकूड चिरू शकतं. म्हणून तुकडे जाडसर गोल करून घरात, चुलीपासून लांब ठेवा आणि दर आठवड्याला काट्यावर वजन करा. वजन उतरायचं थांबलं की शेवटचं माप घ्या. ओलावा मोजायचं मीटर असेल तर ८ ते १० टक्के दिसले पाहिजेत.

किट बसवायचा क्रम काय?

डोक्याच्या गळ्याखाली पत्री, भोक बरोबर मध्ये, दोन स्क्रू. बसका दाता तळाच्या खड्ड्यात दाबून. मग शाफ्टवर खालून वर या क्रमानं: आडवी पट्टी, फिरता दाता, स्प्रिंग. हे सगळं तळाकडून आत सारायचं, स्प्रिंग बसक्या दात्याला टेकते. पट्टी स्क्रूनं आवळायची, डोकं वरून घालायचं, नट लावायचा.

स्क्रूसाठी दीड-दोन मिमीचं भोक आधी पाडाच. तळाची भिंत पातळ असते आणि तिथं लाकडाचं आडवं तोंड असतं, सरळ स्क्रू पिळला तर चीर जाते. आणि तळाचं लाकूड दोन-तीन मिमी आत खोलगट ठेवा, नाहीतर दळणी पट्टीवर उभी राहते आणि ओट्यावर ओरखडे पडतात.

डोकं मजेत फिरते, पण मिरे पडत नाहीत.

बहुतेक वेळा बसका दाताही सोबत फिरतो आहे. तळाकडून बघत फिरवा, लगेच कळेल. भोक किंचित मोठं असेल तर दात्याच्या बाहेरच्या कडेला इपॉक्सीचे दोन थेंब, दात्यांच्या आत एक थेंबही जाऊ न देता.

तो स्थिर असेल तर नट फार आवळला आहे किंवा मिरे फार जाड आहेत. तेलिचेरीसारखे टपोरे मिरे सव्वाचार मिमीच्या वर असतात, छोट्या किटच्या तोंडात ते कमानीसारखे अडकून बसतात. नट सैल करा, तळहातावर ठोका, पुन्हा फिरवा.

जाड-बारीक कसं करायचं?

नट आवळला की शाफ्ट वर ओढला जातो, दाते जवळ येतात, पूड बारीक. सैल केला की जाडी. सावजी रस्स्याला लागते तशी पिठासारखी पूड हिच्यातून मागू नका, त्यासाठी मिक्सर किंवा पाटा आहे. ही भजी, ऑम्लेट, सूपवर वरून टाकायची वस्तू.

नट सारखा ढिला होतो.

नटाला धरून फिरवताय. डोक्याला धरून फिरवा. तरी होत असेल तर पत्रीचं चौकोनी भोक झिजलं आहे, शाफ्ट तिच्यात घसरतो. पत्री बदला.

आतून पॉलिश मारायचं का?

नाही. आतली भिंत कोरी ठेवा. तेल लावलं तर ते वाळत नाही, खवट होतं आणि वास मिऱ्यांना लागतो.

बाहेरून चपडा, म्हणजे लाख स्पिरिटमध्ये विरघळवून. गोंदिया-गडचिरोलीकडे पळसावर लाख होते, ती खाण्याच्या वस्तूला चालते, औषधी गोळ्यांवरही तिचा लेप असतो. वर थोडं मेण. जवसाचं तेल आपल्याकडं घाण्यावर मिळतं आणि लाकडाला सुंदर रंग देतं, पण घाण्याचं तेल वाळायला आठवडे घेतं. हार्डवेअरच्या दुकानातलं "बॉइल्ड" जवसतेल लवकर वाळतं, पण त्यात वाळवणारी धातूंची रसायनं असतात, दळणीला ते नको.

जवसतेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. हे तेल वाळताना गरम होतं, बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि चिंधी आपोआप पेटते. आपल्या उन्हाळ्यात, भुशानं भरलेल्या टिनाच्या शेडमध्ये, याचा अर्थ सांगायला नको. चिंधी पसरून बाहेर वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

यात मीठ दळता येईल का?

पोलादी दात्यांत नाही, गंजतात. सैंधवही नाही, काळं मीठही नाही. सिरॅमिक दाते असतील तर वाळलेलं खडेमीठ चालतं.

मग जिरं, लवंग, धने?

मिऱ्यांसाठी केलेल्या दात्यांत लवंगेची काडी अडकते आणि जिऱ्याचा तेलकट थर बसतो. धने सिरॅमिकमध्ये बरे चालतात. वास मात्र राहतो, तेव्हा एका दळणीत एकच जिन्नस.

माझ्याकडं लेथ नाही.

चौकोनी किंवा आठकोनी दळणी करा. तीन इंची चौरस तुकडा, ड्रिल स्टँड, बिटं, रंधा आणि कानस एवढ्यावर होते. फक्त डोक्याखालचा गोल गळा कानशीनं घासून करायला वेळ लागतो. हातातल्या ड्रिल मशीननं ४० चं बिट चालवू नका, मनगट पिळवटून काढतं.

भुसा नाकात जातो, दुपट्टा बांधला तर चालेल?

नाकाला मास्क लावा. सागवानाच्या भुशानं अनेकांना खाज आणि शिंका येतात. दुपट्ट्याची टोकं लेथजवळ लोंबकळता कामा नयेत. शर्टाच्या बाह्याही कोपराच्या वर.

धुवायची कशी?

धुवायचीच नाही. कोरड्या ब्रशनं तळ झाडा. दात्यांत पूड चिकटली असेल तर मूठभर कोरडे तांदूळ दळून काढा. आणि उकळत्या पातेल्यावर धरून फिरवू नका: वाफ तळातून आत जाते, पूड ओली होऊन घट्ट बसते. मिरे आधी ताटलीत दळून घ्या.

पावसाळ्यात मिरे मऊ पडतात. भरायच्या आधी काय करू?

कढई गरम करून गॅस बंद करा आणि मिरे पाच मिनिटं त्यात फिरवा. भाजायचे नाहीत, फक्त कोरडे करायचे. थंड झाल्यावरच भरा, गरम भरले तर आत दमट होतं. दळणी पाऊणच भरा.

विकायला ठेवली तर गिऱ्हाइकाला काय सांगायचं?

दाते पोलादी की सिरॅमिक, आणि डोक्याला धरून फिरवायची. किटचं माप दळणीच्या तळाला पेन्सिलनं लिहून वर चपड्याचा हात मारा: कंपनी, शाफ्टची लांबी, भोकाचा व्यास. काही वर्षांनी दाते झिजून कोणी दळणी घेऊन आलं, तर ती न उघडता नवं किट मागवता येतं.